निधीचा डंका पिटण्याआधी माणसे जोडा!

वर्तमानपत्राचे अर्थविषयक पान उघडले की हल्ली एक बातमी हमखास वाचायला मिळते. अमुक स्टार्टअपला तमुक गुंतवणूकदाराकडून इतके कोटी मिळाले. सोबत हाताची घडी घालून उभ्या असलेल्या दोन-तीन तरुणांचे छायाचित्र असते आणि खाली कंपनीच्या मूल्यांकनाचा डोळे दिपवणारा आकडा असतो. ती कंपनी नेमके काय विकते, तिचे गिऱ्हाईक कोण, ती नफ्यात आहे की तोट्यात, तिच्यात राबणाऱ्यांना पगार वेळेवर मिळतो की नाही, याबद्दल मात्र बातमीत बहुधा अवाक्षर नसते. दुसऱ्याचा पैसा हाती आला, एवढ्याच गोष्टीचा हा सोहळा असतो. पूर्वी कुणी सावकाराकडून रक्कम उचलली तर तो चार लोकांत त्याचा बोभाटा करीत नसे. आज मात्र पैसा उचलणे हाच पराक्रम ठरला आहे, आणि प्रसारमाध्यमे त्या पराक्रमाचा उदो उदो करण्यात मग्न आहेत.

16 जानेवारी 2016 रोजी केंद्र सरकारने 'स्टार्टअप इंडिया' हा कार्यक्रम सुरू केला. जानेवारी 2025 पर्यंत सरकारी मान्यता मिळालेल्या स्टार्टअपची संख्या दीड लाखाच्या पुढे गेली. ज्या खासगी कंपनीचे मूल्यांकन एक अब्ज डॉलरवर जाते तिला या बाजारात 'युनिकॉर्न' म्हणतात. 2021 या एकाच वर्षात आपल्या देशात असे 40 हून अधिक युनिकॉर्न जन्माला आले. परंतु त्या वर्षी वाजलेल्या नगाऱ्यांपैकी किती नगारे पुढे फुटले, याचा हिशेब मांडायला फारसे कुणी तयार नाही. आमच्या चळवळीच्या घरांतील मुले-मुलीही आता या क्षेत्रात उतरू लागली आहेत. कुणी ॲप बनवतो आहे, कुणी मसाल्याचा ब्रँड उभा करते आहे, कुणी स्पर्धा परीक्षांच्या वर्गांचा व्यवसाय थाटतो आहे. या मुलांनी कुणाचा कित्ता गिरवावा, हा प्रश्न त्यामुळे आमच्या दृष्टीने केवळ बाजाराचा राहत नाही.

या विषयात एक शब्द फार स्वस्त झाला आहे. तो शब्द म्हणजे 'कम्युनिटी'. प्रत्येक कंपनी म्हणते, आम्ही कम्युनिटी बांधतो आहोत. कुणी किती लोकांनी ॲप उतरवून घेतले तो आकडा दाखवतो आणि त्याला कम्युनिटी म्हणतो. परंतु जमाव आणि समाज यांत फरक असतो, हे चळवळीतल्या माणसाला वेगळे सांगण्याची गरज नाही. जमाव पैसे देऊन, ट्रक लावून, नट-नट्या आणून गोळा करता येतो. समाज तसा गोळा होत नाही. समाजातील माणूस तुमच्या बाजूने उभा राहतो तसा तो तुम्हाला जाबही विचारतो. ज्याला तुम्हाला जाब विचारण्याची सोय नाही, तो तुमच्या कम्युनिटीचा घटक नाही. तो तुमच्या आकडेवारीतला एक आकडा आहे. हा फरक न कळल्यामुळे काय घडते, याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे बायजूज.

बायजूजचा चढ आणि उतार

बायजू रवींद्रन आणि दिव्या गोकुलनाथ यांनी 2011 मध्ये बंगळुरूत ही कंपनी स्थापन केली आणि 2015 मध्ये तिचे ॲप बाजारात आले. रवींद्रन हे स्वतः उत्तम शिक्षक. त्यांच्या वर्गाला विद्यार्थ्यांची तोबा गर्दी होत असे. म्हणजे सुरुवात खऱ्या माणसांपासून आणि खऱ्या शिकवण्यापासून झाली होती. 2016 मध्ये झुकरबर्ग दांपत्याच्या संस्थेने त्यात पैसा घातला. 2017 मध्ये शाहरुख खान जाहिरातीत आला. 2019 मध्ये भारतीय क्रिकेट संघाच्या गणवेशावर कंपनीचे नाव झळकू लागले. टाळेबंदीच्या काळात शाळा बंद पडल्या आणि कंपनीकडे पैशाचा ओघ सुरू झाला. 2020 मध्ये व्हाइटहॅट ज्युनियर ही कंपनी 30 कोटी डॉलरला घेतली गेली. 2021 मध्ये 'आकाश' ही शिकवणी संस्था जवळपास एक अब्ज डॉलरला विकत घेतली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस 1 अब्ज 20 कोटी डॉलरचे कर्जही उचलले गेले.

मार्च 2022 मध्ये घोषणा झाली की कंपनीने 80 कोटी डॉलर उभे केले असून तिचे मूल्यांकन 22 अब्ज डॉलर झाले आहे. भारतातील सर्वांत मोठा युनिकॉर्न म्हणून सर्वत्र मथळे झळकले. पुढे काही महिन्यांतच उघड झाले की घोषित रकमेपैकी काही पैसा कंपनीच्या हाती आलेलाच नाही. ज्या पैशाचा डंका पिटला गेला, तो पैसाच पूर्ण आला नव्हता!

मार्च 2021 अखेरच्या वर्षाचे हिशेब सप्टेंबर 2022 मध्ये, म्हणजे सुमारे दीड वर्षाने लोकांसमोर आले. त्यात साडेचार हजार कोटी रुपयांहून अधिक तोटा होता. ऑक्टोबर 2022 मध्ये सुमारे अडीच हजार लोकांना कामावरून कमी करण्याची घोषणा झाली आणि पुढच्याच महिन्यात मेस्सी हा जगप्रसिद्ध फुटबॉलपटू कंपनीचा सदिच्छादूत झाल्याची घोषणा झाली. कतारमधील विश्वचषक स्पर्धेच्या प्रायोजकांतही कंपनीचे नाव होते. ज्या माणसांची नोकरी गेली त्यांना ते फलक पाहून काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने मुलांचे आणि पालकांचे फोन क्रमांक विकत घेतले जातात व पालकांवर दबाव आणला जातो, असा आरोप केला. कंपनीने तो नाकारला. जून 2023 मध्ये डेलॉइट या लेखापरीक्षक संस्थेने राजीनामा दिला आणि बड्या गुंतवणूकदारांचे तीन प्रतिनिधी संचालक मंडळातून बाहेर पडले. 2024 च्या सुरुवातीला कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि कंपनीला आधीच्या मूल्यांकनाच्या 99 टक्के खाली येऊन पैसा मागावा लागला. 16 जुलै 2024 रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या बंगळुरू खंडपीठाने तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. अर्ज कुणाचा होता? ज्या क्रिकेट संघाच्या छातीवर कंपनीने आपले नाव मिरवले, त्याच संघाच्या क्रिकेट मंडळाचा. थकबाकी होती सुमारे 158 कोटी 90 लाख रुपयांची. ज्या कंपनीने अब्जावधी डॉलरच्या गोष्टी केल्या, तिच्यावर जाहिरातीच्या थकलेल्या बिलापायी ही पाळी आली.

यात आम्हास सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. लाखो मुलांनी हे ॲप वापरले. परंतु कंपनी कोसळत असताना तिला वाचवा म्हणून पालक पुढे सरसावल्याचे आम्ही तरी कुठे वाचले नाही. उलट पैसे परत मिळावेत म्हणून तक्रारी करणारे पालकच बातम्यांत दिसले. याचा अर्थ उघड आहे. कंपनीने गिऱ्हाईक मिळवले, ओळख मिळवली, परंतु माणसे मिळवली नाहीत. एका शिक्षकाभोवती जमलेला विद्यार्थ्यांचा खरा समाज त्यांच्याजवळ होता. पैशाच्या पुरात तो कधी वाहून गेला हे त्यांना कळलेही नाही.

मूल्यांकन म्हणजे तिजोरी नव्हे

येथे एक साधा हिशेब समजून घेतला पाहिजे, कारण सामान्य वाचकाची फसगत नेमकी येथेच होते. एखाद्या गुंतवणूकदाराने 10 कोटी रुपये देऊन कंपनीचा 10 टक्के हिस्सा घेतला, तर कंपनीचे मूल्यांकन 100 कोटी झाले असे म्हणतात. परंतु कंपनीत आले फक्त 10 कोटी. उरलेले 90 कोटी कुठल्याही बँकेत नाहीत. तो एका माणसाने बांधलेला अंदाज आहे. पुढचा गुंतवणूकदार येईल आणि त्याहून कमी भाव सांगेल, तर तो अंदाज त्याच दिवशी कोसळतो.

शिवाय त्या 10 कोटींतही अनेक खाचाखोचा असतात. काही वेळा जुने भागधारक आपला हिस्सा नव्याला विकतात. तो पैसा त्या भागधारकांच्या खिशात जातो, कंपनीला त्यातून छदामही मिळत नाही. काही वेळा रक्कम एकदम न येता हप्त्याहप्त्याने, ठरलेले लक्ष्य गाठले तरच येते. आणि बहुतेक करारांत अशी अट असते की कंपनी विकली गेली तर आधी गुंतवणूकदाराने आपला पैसा वसूल करायचा; उरले तर संस्थापकाला आणि ज्यांना पगाराऐवजी समभागांची आशा दाखवली त्या कर्मचाऱ्यांना. म्हणजे मथळ्यातला आकडा जितका मोठा, तितकी कामगाराच्या वाट्याची रांग मागे जाण्याची शक्यता अधिक. हे गणित घोषणेच्या दिवशी कुणी सांगत नाही.

प्रेम होते, परंतु दिशा सुटली

कुणी म्हणेल, बायजूजकडे खरी कम्युनिटी नव्हती म्हणून ते बुडाले. ज्यांच्याकडे ती असते ते तरतात. तेही पूर्णपणे खरे नाही. बंगळुरूच्या डंझोचे उदाहरण घ्या. व्हॉट्सॲपवर निरोप पाठवावा आणि कुणीतरी तुमचे काम करून द्यावे, विसरलेली किल्ली आणून द्यावी, औषध पोहोचवावे, अशा साध्या सेवेतून ही कंपनी उभी राहिली. शहरातील लोकांना ती इतकी आपली वाटली की तिचे नाव क्रियापदासारखे वापरले जाऊ लागले. डिसेंबर 2017 मध्ये गुगलने तिच्यात पैसा घातला. भारतातील स्टार्टअपमध्ये गुगलने थेट केलेली ती पहिली गुंतवणूक होती. जानेवारी 2022 मध्ये रिलायन्स रिटेलच्या पुढाकाराने 24 कोटी डॉलर आले आणि रिलायन्सकडे 25.8 टक्के हिस्सा गेला. त्यानंतर कंपनी काही मिनिटांत किराणा पोहोचवण्याच्या शर्यतीत अधिक जोराने धावू लागली. गोदामे उघडली, जाहिरातींवर पैसा ओतला. 2023 मध्ये कर्मचाऱ्यांचे पगार लांबणीवर पडले आणि जानेवारी 2025 मध्ये तिचे ॲप बंद झाले.

ज्या कामासाठी लोकांनी तिच्यावर प्रेम केले ते काम एक होते आणि ज्या कामासाठी पैसा आला ते काम दुसरे होते. समाज एका गोष्टीसाठी जमतो आणि निधी दुसऱ्याच गोष्टीसाठी येतो, तेव्हा समाजाला विचारले जात नाही. त्याला केवळ कळवले जाते, तेही वर्तमानपत्रातून. म्हणून कम्युनिटी बांधणे जितके महत्त्वाचे, तितकेच पैसा घेताना तिच्याशी इमान राखणे महत्त्वाचे आहे. या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

घोषणेचा आणखी एक धोका आहे. डंका वाजवला की तो केवळ आपलीच माणसे ऐकत नाहीत. 29 जुलै 2014 रोजी फ्लिपकार्टने एक अब्ज डॉलर उभे केल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या ॲमेझॉनने भारतात दोन अब्ज डॉलर ओतण्याची घोषणा केली! फ्लिपकार्टसारख्या बड्या कंपनीला ती शर्यत काही काळ परवडली आणि मे 2018 मध्ये वॉलमार्टने तिचा सुमारे 77 टक्के हिस्सा विकत घेण्याचा करार केला. परंतु ज्या तरुणाकडे दोन-चार महिन्यांचाच पैसा आहे, त्याने आपली तिजोरी किती भरली हे शेजारच्या बड्या दुकानदाराला ओरडून सांगावे काय?

ऐंशी रुपयांची उसनवारी

आता दुसरी बाजू पाहू. मुंबईच्या गिरगावात 15 मार्च 1959 रोजी सात बायकांनी एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल होते 80 रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख या सामाजिक कार्यकर्त्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पुडे तयार झाले आणि भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकले गेले. तोटा झाला तरी कुणाकडे देणगी मागायला जायचे नाही, असा त्यांचा सुरुवातीपासूनचा निश्चय होता. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड आणि खाली शेगडी. पावसाळ्याचा प्रश्न सुटला. स्वस्तातला दुय्यम माल काढण्याचा विचारही पुढे आला होता, परंतु माल एकच आणि तो उत्तम, हिशेब चोख, हा पारेख यांचा सल्ला त्यांनी मानला. हाच 'लिज्जत' पापड. आज सुमारे 45 हजार बायका या संस्थेत आहेत, आणि त्या तेथे नोकर नाहीत, भागीदार आहेत. सात संस्थापिकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री देण्यात आली.

या बायकांना कुणी कम्युनिटी बांधण्याचे धडे दिले नव्हते. परंतु त्यांनी जे केले ते आजच्या प्रत्येक स्टार्टअपने पाटीवर लिहून ठेवावे असे आहे. काम करणारी हीच मालकीण, म्हणून माल खराब झाला तर नुकसान तिचेच. आणि बाहेरचा पैसा नव्हता, म्हणून मथळ्यांसाठी काही करण्याची गरजच भासली नाही.

हे जुन्या काळातले, पापड-लोणच्याचे उदाहरण झाले, असे कुणी म्हणू नये म्हणून नव्या काळातलेही देतो. कामत बंधूंनी 15 ऑगस्ट 2010 रोजी बंगळुरूत झिरोधा ही शेअर दलालीची कंपनी सुरू केली. बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसा तिने घेतला नाही. व्यवहाराच्या रकमेवर टक्केवारी आकारण्याच्या धंद्यात तिने प्रत्येक व्यवहारामागे सपाट 20 रुपयांचा दर आणला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेअर बाजार म्हणजे काय, हे अगदी पहिल्या धड्यापासून शिकवणारी 'व्हर्सिटी' तिने फुकट खुली केली. ते धडे वाचायला तिचे गिऱ्हाईक असण्याचीही अट नाही. ज्याला धंद्याची खोच कळली तो गिऱ्हाईक उद्या आपल्यालाच उलट प्रश्न विचारील, हे माहीत असूनही त्याला शिकवणे, यालाच आम्ही माणसे जोडणे म्हणतो. अर्थात आम्ही या कंपनीची आरती ओवाळत नाही. 'सेबी'च्या जानेवारी 2023 च्या अभ्यासाने दाखवले की वायदा व पर्याय व्यवहारांत 10 पैकी 9 वैयक्तिक खातेदार तोट्यात जातात, आणि दलालाची कमाई अशा व्यवहारांवरही होत असते. तेव्हा घ्यायचे ते पद्धतीतून घ्यावे. धंद्याकडे डोळे उघडे ठेवूनच पाहावे.

पैसा नको, असे आम्ही म्हणत नाही

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. ज्याच्या घरात पिढीजात दुकान आहे, ज्याचे मामा-काका पहिले 25 लाख सहज देतात, त्याने निधीची घोषणा केली नाही तरी चालते. परंतु ज्याचे आडनाव ऐकूनच बँकेचा साहेब कागद बाजूला सारतो, त्याने काय करावे? त्याच्यासाठी निधीची बातमी हेच प्रमाणपत्र असते. ती छापून आली की माल उधार मिळतो, चांगली माणसे नोकरीला येतात, जागामालक भाड्याने गाळा देतो. हा आक्षेप आम्हास मान्य आहे. भांडवलाविना धंदा होत नाही आणि भांडवल या देशात सर्वांना सारखे मिळत नाही, हेही तितकेच खरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1918 मध्येच शेतजमिनीच्या तुकड्यांवर लिहिताना दाखवून दिले होते की प्रश्न केवळ तुकड्याच्या आकाराचा नाही. त्या जमिनीला भांडवल आणि इतर साधनांची जोड किती, यावर शेतीचे भले-बुरे अवलंबून असते. तेव्हा गरिबीचे गोडवे गाणे हा आमचा मार्ग नव्हे. पैसा घ्या, हक्काने घ्या, आणि जाहीरही करा. प्रश्न आहे तो कसा जाहीर करायचा हा.

पहिली गोष्ट, पैसा खात्यात आल्याशिवाय तोंड उघडू नका. इरादापत्र म्हणजे पैसा नव्हे. 2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 42 येथे प्रत्येकाने वाचावे. खासगीरीत्या समभाग देऊ करताना त्याची जाहिरात करता येत नाही, आणि आलेला पैसासुद्धा समभागांचे वाटप होऊन त्याचे विवरण कंपनी निबंधकाकडे दाखल होईपर्यंत वापरता येत नाही. कायद्यालाही घाई मंजूर नाही, मग आपण का करावी?

दुसरी गोष्ट, बातमी आधी घरच्यांना सांगा. तुमचे कामगार, तुमचे जुने गिऱ्हाईक, ज्याने पहिला माल उधारीवर दिला तो दुकानदार, यांना ती वर्तमानपत्रातून कळता कामा नये. ज्या दिवशी तुमच्या पाठीशी कुणी नव्हते त्या दिवशी हीच माणसे होती. त्यांना एकत्र बसवा, समोरासमोर सांगा आणि प्रश्न विचारू द्या. त्यांचे पहिले प्रश्न ठरलेले असतील. भाव वाढणार का? आमची माहिती दुसऱ्याच्या हाती जाणार का? आमचे काम राहणार का? यांची सरळ उत्तरे देता येत नसतील, तर घोषणा पुढे ढकला.

तिसरी गोष्ट, आकड्याऐवजी काम सांगा. 'आम्हाला 5 कोटी मिळाले' ही बातमी झाली. 'या पैशातून आम्ही दोन जिल्ह्यांत शीतगृह उभारणार आणि शेतकऱ्याला आठ दिवसांत पैसे देणार' हे वचन झाले. बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, वचन लोकांच्या लक्षात राहते. म्हणूनच अनेकांना वचन देण्याची भीती वाटते आणि ते आकडा सांगून मोकळे होतात. मूल्यांकन तर सांगूच नका, कारण ते तुमच्या कर्तृत्वाचे मोजमाप नसून दुसऱ्याने तुमच्यावर लावलेली बोली आहे.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे. सहा महिन्यांनी परत या आणि सांगा की जे बोललो त्यातले काय झाले, काय राहिले. निधी मिळाल्याच्या शेकडो बातम्या आपण वाचतो. तो कसा खर्च झाला याची बातमी किती वेळा वाचली? जो तरुण ही एक गोष्ट करील, त्याच्याभोवती आपोआप समाज उभा राहील. त्यासाठी नट लागत नाही की क्रिकेटपटू लागत नाही.

सरकारी घोषणांनाही हीच कसोटी

ही कसोटी आम्ही केवळ तरुणांना लावणार नाही. अनुसूचित जातींतील उद्योजकांसाठी केंद्र सरकारने जानेवारी 2015 मध्ये उद्यम भांडवल निधी सुरू केला. 5 एप्रिल 2016 रोजी 'स्टँड-अप इंडिया' आली. प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती वा जमातीच्या उद्योजकाला आणि किमान एका महिलेला 10 लाख ते 1 कोटी रुपयांचे कर्ज द्यावे, असे तिचे स्वरूप होते. तिची मुदत 31 मार्च 2025 रोजी संपली. 30 सप्टेंबर 2020 रोजी बाबासाहेबांच्या नावाने सामाजिक नवकल्पना आणि उद्भवन अभियान जाहीर झाले. त्यात निवडलेल्या तरुणाला तीन वर्षांत 30 लाख रुपयांपर्यंत भांडवल देण्याची तरतूद होती. फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात प्रथमच उद्योगात येणाऱ्या 5 लाख महिला, अनुसूचित जाती व जमातींच्या उद्योजकांसाठी 2 कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाची योजना घोषित झाली.

घोषणा उदंड आहेत. परंतु येथेही मथळ्यातला आकडा आणि हाती पडलेला पैसा यांत अंतर असते. 'मंजूर' आणि 'वाटप' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि सरकारी पत्रकात त्यांतला मोठा आकडाच पुढे केला जातो. आपल्या तालुक्यातील बँक शाखेने किती अर्ज घेतले, किती मंजूर केले आणि प्रत्यक्षात किती पैसा दिला, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. वस्तीवस्तीतील मंडळांनी, कर्मचारी संघटनांनी आणि बचत गटांनी ते विचारले पाहिजे. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण चौकातल्या फळ्यावर लिहितो आणि त्यात दहा रुपयांची गफलत झाली तरी कार्यकर्त्याला रात्रभर झोपू देत नाही. तीच सवय कोट्यवधींच्या घोषणांना लावण्यास आपण का कचरतो?

आमच्या तरुण उद्योजकांना आमचे सांगणे एवढेच आहे. तुमच्याजवळ जी गोष्ट आहे ती बाजारात विकत मिळत नाही. तुमच्या पहिल्या शंभर गिऱ्हाइकांना तुम्ही नावाने ओळखता. ती तुमच्या वस्तीतली, तुमच्या वसतिगृहातली, तुमच्या आईच्या बचत गटातली माणसे आहेत. ती समाज म्हणून तुमच्या मालाला आधार देतील, परंतु समाजाचे म्हणून निकृष्ट माल खपवून घेणार नाहीत, आणि घेऊही नये. भावनेच्या जोरावर पहिली वस्तू विकली जाते. दुसरी वस्तू गुणवत्तेवरच विकली जाते. गुंतवणूकदार येईल आणि जाईल. त्याचा पैसा दहा वर्षांत परत न्यायचाच, या हिशेबाने तो आलेला असतो. ही माणसे मात्र तेथेच राहणार आहेत, आणि रोज सकाळी तुम्हाला त्यांच्याच समोरून जायचे आहे. तेव्हा निधी आल्याच्या दिवशी फटाके वाजवण्याआधी त्यांच्यासमोर हिशेबाची वही उघडा. ज्याला हे जमेल त्याची घोषणा आम्ही याच पानावर आनंदाने छापू!